क्रूझवरून एक दिवस स्टॉकहोम: जहाजातून उतरल्यापासून परत चढेपर्यंत काय, कसं आणि किती

बाल्टिक क्रूझ करणाऱ्या आपल्या लोकांची संख्या आता चांगलीच वाढलीय, कोणी मुलांकडे युरोपात आलेले आईबाबा असतात, कोणी रिटायरमेंटनंतर ग्रुपने येतात, आणि स्टॉकहोमला जहाज लागलं की सगळ्यांना एकच प्रश्न पडतो, हातात सात-आठ तास आहेत तर नेमकं करायचं काय. जहाजावरची एक्स्कर्शन घ्यायची की आपलं आपण फिरायचं? माझं स्पष्ट मत आहे की स्टॉकहोम आपलं आपण फिरायचं शहर आहे. फेरी, बस, मेट्रो सगळं एकाच तिकिटात, पाट्या समजतात, लोक उत्तम इंग्रजी बोलतात, आणि एक्स्कर्शनच्या बसमध्ये पन्नास जणांची मोजदाद होईपर्यंत जो वेळ जातो तेवढ्यात तुम्ही अख्खी एक गल्ली बघून होता. फक्त थोडी तयारी आदल्या रात्री करून ठेवावी लागते.

आदल्या रात्रीची तयारी

सगळ्यात आधी बघा की तुमचं जहाज कुठल्या धक्क्याला लागणार आहे, कारण "स्टॉकहोम" असं लिहिलेलं असलं तरी तीन वेगवेगळ्या जागा असू शकतात. पहिली स्टाड्सगोर्डन, ही सगळ्यात सोयीची, जुन्या शहरापासून पाण्याकाठाने वीस-पंचवीस मिनिटं चालत. दुसरी फ्रीहाम्नेन, ही शहराच्या ईशान्येला, तिथून बस घ्यावी लागते. आणि तिसरी नीनेसहाम्न, जी मुळात वेगळं गाव आहे, स्टॉकहोमच्या दक्षिणेला साधारण साठ किलोमीटर. मोठी जहाजं बऱ्याचदा नीनेसहाम्नलाच थांबतात. बुकिंगच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, नाहीतर रिसेप्शनवर सरळ विचारा. खालचा प्लॅन स्टाड्सगोर्डन धरून लिहिलाय, नीनेसहाम्नवाल्यांसाठी शेवटी वेगळं लिहितो.

दुसरं म्हणजे कार्ड. स्वीडनमध्ये रोख पैसे जवळजवळ कोणी घेत नाही, बसमध्ये नाही, म्युझियममध्ये नाही, कॉफीच्या दुकानातही नाही, काही ठिकाणी तर पब्लिक टॉयलेटचे पैसेसुद्धा कार्डनेच. त्यामुळे क्रोनर बदलून घ्यायच्या भानगडीत पडू नका. पण भारतातून आणलेलं कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल वापर आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही पर्याय चालू आहेत का ते बघा, कारण आपल्याकडे नवीन कार्डावर हे बंदच असतात, आणि ते चालू करायला ओटीपी लागला आणि भारतातलं सिम चालू नसलं की बंदरावर उभं राहून काहीच करता येत नाही. हे जहाजाच्या वायफायवर किंवा त्याहून बरं म्हणजे घरूनच उरकून घ्या. दोघं नवराबायको असाल तर दोघांकडे आपापलं वेगळं कार्ड हवं, कारण मेट्रोच्या गेटवर एका कार्डावर एकच माणूस जातो.

तिसरं घड्याळ. हेलसिंकी आणि टालिन हे स्टॉकहोमच्या एक तास पुढे आहेत. काही जहाजं प्रत्येक बंदरात वेळ बदलतात, काही बदलत नाहीत, आणि मोबाईल मात्र टॉवर मिळाला की आपोआप बदलतो. "परत यायची वेळ ५" म्हणजे कुठले ५, हे रात्री जहाजाच्या पत्रकात बघून घ्या आणि हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा.

आणि व्हिसा. जहाजावरून काही तासांसाठीच उतरणार असलात तरी भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतोच. तुमच्या क्रूझमध्ये मध्ये इंग्लंडचं बंदर असेल तर तुम्ही शेंगेनच्या बाहेर जाऊन परत आत येता, त्यामुळे मल्टिपल एन्ट्री असलेलाच हवा, आणि इंग्लंडचा वेगळा. अर्ज करताना क्रूझचं पूर्ण वेळापत्रक जोडा.

पहाटे लवकर उठा, हे मनापासून सांगतोय

स्टॉकहोमच्या समोर समुद्रात साधारण तीस हजार लहानमोठी बेटं आहेत आणि जहाज शहराच्या धक्क्याला येणार असेल तर त्यांच्यामधून कित्येक तास वाट काढत येतं. जूनमध्ये पहाटे साडेतीनलाच उजाडतं, त्यामुळे अंधाराचा प्रश्न नाही. पाचच्या सुमाराला कपभर चहा घेऊन वरच्या डेकवर जा. गुळगुळीत करड्या खडकांवर पाइनची झाडं, लाल रंगाची लाकडी घरं, प्रत्येक घराला आपला छोटा धक्का, आणि काही ठिकाणी जहाज आणि किनारा यात इतकं कमी अंतर की अंगणात कपडे वाळत घातलेले दिसतात. लोक बंदराला लागेपर्यंत झोपतात आणि मग दिवसभर स्टॉकहोम शोधत फिरतात, पण या शहराचा अर्धा जीव या बेटांतच आहे. शहर स्वतः १४ बेटांवर वसलंय. वारा गार असतो, जुलै असला तरी जॅकेट आणि कानटोपी हवीच.

दिवसाचा धागा

एका दिवसात काय काय बघता येईल याची यादी काढायला बसलात तर वासा म्युझियम, स्कानसेन, आब्बा म्युझियम, राजवाडा, सिटी हॉल, नोबेल म्युझियम अशी ती वाढतच जाते आणि मग प्रत्येक ठिकाणी पाऊण तास, फोटो, पळा. तसं करू नका. मी सुचवतो तो दिवस एका राजाच्या मागे मागे जातो, सतराव्या शतकातला स्वीडनचा राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ. त्याने बांधून घेतलेलं वासा नावाचं जहाज सकाळी बघायचं, तो ज्या घोड्यावरून लढताना पडला तो घोडा दुपारी, आणि त्याची कबर दुपारनंतर. तिन्ही गोष्टी आजही शहरात आहेत आणि एकीकडून दुसरीकडे जायला एक फेरी आणि थोडं चालणं एवढंच लागतं. यात आपोआप जुनं शहर, राजवाडा, पाणी सगळं येतं आणि दिवस लक्षात राहतो.

पहिला टप्पा: फेरीने वासा

जहाजातून सव्वाआठच्या आसपास उतरा. स्टाड्सगोर्डनवरून पाणी उजव्या हाताला ठेवून सरळ चालत राहिलं की फोटोग्राफिस्का हे फोटोंचं म्युझियम लागतं, विटांची जुनी कस्टमची इमारत आहे, आणि त्यापुढे स्लुस्सेन. इथे गेली कित्येक वर्षं मोठं बांधकाम चाललंय, त्यामुळे रस्ते थोडे वळवलेले असू शकतात, पाट्या बघत जा. स्लुस्सेनच्या धक्क्यावरून ८२ नंबरची फेरी यूरगोर्डेन बेटावर जाते. ही शहर वाहतुकीचीच फेरी आहे, टूरिस्ट बोट नाही, म्हणजे मेट्रो-बसचं तिकीटच चालतं. एक तिकीट काढलं की ७५ मिनिटं फेरी, बस, मेट्रो, ट्राम काहीही, साधारण चाळीस-पंचेचाळीस क्रोनरचं. दिवसात तीनचारदाच चढउतार करणार असाल तर सुटी तिकिटं बरी, जास्त फिरणार असाल तर २४ तासांचा पास घ्या. वय ६५ च्या वर किंवा २० च्या आत असेल तर सवलतीचं तिकीट मिळतं, पण ते एसएल नावाच्या ॲपमधून किंवा मशीनवरून घ्यायचं.

शेजारीच तीनचारपट पैसे घेणाऱ्या हॉप-ऑन हॉप-ऑफ बोटी उभ्या असतात. गुडघ्यांचा त्रास असेल, फक्त बसून शहर बघायचं असेल तर त्या चांगल्याच आहेत. पण चालता येत असेल तर ८२ नंबर. दहा-पंधरा मिनिटांच्या त्या प्रवासात एका बाजूला जुनं शहर, दुसरीकडे उंच कडा आणि त्याखाली तुमचंच जहाज उभं दिसतं. उतरलात की ग्रोना लुंड या मनोरंजन पार्कचे झोपाळे-पाळणे डोक्यावर, तिथून डावीकडे पाण्याकाठाने दहा मिनिटं चालत वासा.

उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, वासा म्युझियम साडेआठला उघडतं. सव्वानऊच्या आत पोचलात तर जहाजांचे आणि बसचे ग्रुप यायच्या आधी निवांत मिळतं, अकरानंतर मात्र जत्रा. तिकीट ऑनलाइन काढलेलं बरं, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट.

आत शिरल्यावर डोळ्यांना दोन मिनिटं द्या, कारण मुद्दाम मंद प्रकाश ठेवलाय. मग समोर अंधारातून ते जहाज उभं राहतं, ६९ मीटर लांब, काळपट ओक लाकूड, आणि ते ९८ टक्के मूळचं आहे, म्हणजे प्रतिकृती नाही. १० ऑगस्ट १६२८ ला हे जहाज पहिल्याच सफरीला निघालं, जेमतेम १३०० मीटर गेलं आणि साऱ्या शहरासमोर बंदरातच बुडालं. कारण असं की दोन मजले तोफा, एकूण ६४, त्यामुळे वरचा भार जास्त आणि तळ त्या मानाने अरुंद. निघण्याआधी चाचणी घेतली होती, तीस खलाशांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूला पळायला लावलं, तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोलायला लागलं की ॲडमिरलने चाचणीच थांबवली. पण राजा युद्धावर होता आणि पत्रांवर पत्रं पाठवून जहाज मागत होता, त्याला नाही कोण म्हणणार. बुडाल्यावर चौकशी झाली, कॅप्टनला पकडलं, जहाज बांधणारा मुख्य कारागीर तर आधीच वारला होता, आणि मापं तर राजानेच मंजूर केलेली, म्हणून शेवटी शिक्षा कोणालाच झाली नाही.

३३३ वर्षं ते तळाशी राहिलं आणि तरी सडलं नाही, कारण बाल्टिकचं पाणी कमी खारट आहे आणि त्यात लाकूड पोखरणारा जहाजकिडा जगत नाही. आपल्या कोकणातल्या खाडीत एवढी वर्षं लाकूड राहिलंच नसतं. १९५६ मध्ये आंदेर्स फ्रान्सेन नावाच्या माणसाने ते शोधलं, २४ एप्रिल १९६१ ला वर काढलं आणि पुढची १७ वर्षं लाकूड तडकू नये म्हणून त्यावर पॉलिएथिलिन ग्लायकॉल फवारत होते.

बघताना एक करा. सगळे लोक खालच्या मजल्यावरून मान वर करून फोटो काढतात, तुम्ही लिफ्टने वरच्या मजल्यावर जा आणि जहाजाच्या मागच्या भागासमोर उभे राहा. तिथे शेकडो कोरीव मूर्ती आहेत, सिंह, योद्धे, रोमन सम्राट. तोफांच्या खिडक्यांची झाकणं उघडी ठेवलीत, त्यांच्या आतल्या बाजूला जबडा पसरलेल्या सिंहाचं तोंड कोरलंय, म्हणजे झाकण उघडलं की शत्रूला आधी सिंह दिसावा आणि मग तोफ. आज सगळं तपकिरी दिसतं, पण मुळात हे भडक रंगवलेलं होतं, जवळच एकास दहा मापाचं रंगीत मॉडेल आहे ते आधी बघा आणि मग परत जहाजाकडे बघा. तळमजल्यावर जहाजासोबत बुडालेल्यांचे सांगाडे आणि त्यावरून बनवलेले चेहरे आहेत, त्यातला एक इतकी वर्षं पुरुषाचा समजत होते, २०२३ मध्ये डीएनए तपासणीत ती बाई निघाली. इंग्रजीत गाईडेड टूर तिकिटातच असते, त्याची वेळ आल्याआल्या काउंटरवर विचारा. १७ मिनिटांची फिल्म आहे तीही बघा. आत लाकडासाठी १८ ते २० अंश तापमान ठेवतात, जॅकेट काढू नका. दीड ते दोन तास पुरे.

लहान मुलं बरोबर असतील तर जहाज बघून झाल्यावर शेजारच्या स्कानसेनला जा आणि खालचा बराचसा भाग सोडून द्या. १८९१ साली सुरू झालेलं ते उघड्यावरचं म्युझियम आहे, देशभरातून आणलेली जुनी घरं, शेत, कारागीर, आणि अस्वलं-रेनडिअर पण, मुलं तिथून हलत नाहीत.

दुसरा टप्पा: राजवाडा, बँड आणि घोडा

अकराच्या सुमाराला निघून त्याच फेरीने स्लुस्सेनला परत या आणि चालत गामला स्तान, म्हणजे जुन्या शहरात शिरा. राजवाड्याच्या बाहेरच्या चौकात पहारा बदलण्याचा कार्यक्रम असतो, सोमवार ते शनिवार १२.१५ ला आणि रविवारी १३.१५ ला, फुकट. बँड, घोडे, सगळं मिळून साधारण चाळीस मिनिटं चालतं. पुढे उभं राहायचं असेल तर पाऊणबारालाच जागा धरा, पण पूर्ण बघायची गरज नाही, बँड आत आला आणि दोन धून ऐकल्या की निघालात तरी चालेल.

राजवाड्यात सहाशेच्या वर खोल्या आहेत आणि एका दिवसात त्यात अडकू नका. त्याऐवजी राजवाड्याच्याच तळघरातलं शस्त्रागार म्युझियम बघा, स्वीडिश नाव लिव्हरुस्टकामारेन. तिथे स्ट्रेइफ नावाचा घोडा आहे, पेंढा भरून ठेवलेला. नोव्हेंबर १६३२ मध्ये जर्मनीत ल्युट्झेनच्या लढाईत गुस्ताव अडॉल्फ याच घोड्यावर होता. राजा तिथेच मारला गेला, घोडा जखमी होऊन परत आला आणि पुढच्या वर्षी मेला. त्या दिवशीचे राजाचे रक्ताचे डाग पडलेले कपडेही तिथेच आहेत. सकाळी ज्याच्या हट्टापायी जहाज बुडालं तो माणूस इथे एकदम समोर येतो. पाऊण तास.

जेवण

जुन्या शहराच्या मुख्य गल्लीत, वेस्टरलाँगगातानवर, जेवू नका, महाग आणि सुमार. दोन गल्ल्या आत जा किंवा स्लुस्सेन पार करून सोडरमाल्मच्या बाजूला जा. दुपारी ११ ते २ मध्ये "डागेन्स लुंच" अशी पाटी शोधा, ठरलेल्या किमतीत एक मुख्य पदार्थ, सॅलड, ब्रेड आणि कॉफी सगळं येतं, तोच पदार्थ संध्याकाळी बराच महाग. शाकाहारींनी स्पष्ट विचारावं, वाटाण्याचं सूप दिसायला आपल्या आमटीसारखं असलं तरी त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. फलाफल सगळीकडे मिळतं आणि चांगलं मिळतं. नळाचं पाणी उत्तम, बाटली विकत घेऊ नका, भरून घ्या. आणि वेलदोड्याचा बन नक्की खा, कार्देमुम्माबुल्ले, वेलची आपल्याला ओळखीची पण एवढी सढळ हाताने घातलेली की पहिल्या घासाला आश्चर्य वाटतं.

तिसरा टप्पा: गल्ल्या आणि कबर

जेवणानंतर स्तूरतोरयेत या मधल्या चौकात या. नोव्हेंबर १५२० मध्ये डेन्मार्कच्या राजाने इथे ऐंशीच्या वर माणसांची मुंडकी उडवली होती, आज तिथे लाल-पिवळ्या घरांसमोर लोक आइसक्रीम खात बसतात. चौकातच नोबेल म्युझियम आहे. छोटं आहे, तासभर असेल तरच तिकीट काढा, पण भारतीयांनी जावं असं मला वाटतं, कारण तिथे अमर्त्य सेन यांनी दिलेली त्यांची सायकल आहे, जिच्यावरून बंगालमधल्या खेड्यात जाऊन अभ्यासाची माहिती गोळा केली होती. तिथल्या कॅफेतल्या खुर्च्या उलट्या करून बघा, खाली नोबेल विजेत्यांच्या सह्या असतात.

मग नकाशा खिशात टाका आणि अर्धा तास नुसतं फिरा. दोनच खुणा सांगतो. मोर्तेन त्रोत्सिग गल्ली, शहरातली सगळ्यात अरुंद, एका जागी फक्त ९० सेंटिमीटर, ३६ पायऱ्या. आणि प्रेस्टगातानच्या एका कोपऱ्यावर घराच्या भिंतीत बसवलेला रूनशिळेचा, म्हणजे जुन्या नॉर्डिक लिपीत कोरलेल्या दगडाचा तुकडा, शहराच्या आधीचा, कोणीतरी बांधकामाचा दगड म्हणून वापरला आणि तसाच राहिला. रस्ते दगडी गोट्यांचे आहेत, सँडल किंवा टाचेच्या चपला घालून आलात तर संध्याकाळी पाय बोलतील. व्हीलचेअर असेल तर राजवाड्याजवळचा सपाट भागच बरा.

शेवटी पश्चिमेला पूल ओलांडून रिड्डारहोल्मेन या छोट्या बेटावर जा. इथे गर्दीच नसते. लोखंडी जाळीच्या मनोऱ्याचं चर्च आहे ते राजघराण्याचं दफनस्थान, आणि गुस्ताव अडॉल्फ इथे पुरलेला आहे. चर्च उन्हाळ्यातच उघडं असतं. त्यामागे पाण्याकाठी कठड्यावर बसा, समोर सिटी हॉल दिसतो, १९२३ साली पूर्ण झालेला, ऐंशी लाख विटा आणि १०६ मीटरचा मनोरा, दर १० डिसेंबरला नोबेलची मेजवानी तिथेच असते. आतून फक्त गाईडबरोबर बघता येतो, तेव्हा तो हवाच असेल तर नोबेल म्युझियम सोडा. फोटोसाठी मात्र हीच जागा सगळ्यात चांगली.

परत जाताना

परतीच्या वेळेआधी किमान दीड तास गामला स्तानमधून निघा. पाय दुखत असतील तर स्लुस्सेनवरून बस घ्या. टॅक्सी करायची असेल तर एक नक्की लक्षात ठेवा, स्वीडनमध्ये टॅक्सीच्या भाड्यावर सरकारी बंधन नाही, कोणी कितीही लावू शकतो आणि ते कायदेशीर असतं. मागच्या खिडकीवर पिवळा कागद असतो, त्यावर ठळक आकड्यात तुलनेसाठीचा दर लिहिलेला असतो. तो इतरांपेक्षा फारच जास्त असेल तर सरळ पुढच्या गाडीकडे जा, रांगेतली पहिलीच घ्यायची सक्ती नाही.

पायात जोर असेल आणि वेळ असेल तर धक्क्याच्या मागच्या कड्यावर, फ्येलगातानला, जिना चढून जा. अख्खं शहर, यूरगोर्डेन आणि खाली जहाज, दहा मिनिटं पुरतात.

फ्रीहाम्नेन किंवा नीनेसहाम्न असेल तर

फ्रीहाम्नेनवरून बसने मध्यभागी या आणि तिथून ७ नंबरची ट्राम घ्या, ती थेट वासाच्या जवळ सोडते. बाकी दिवस वरचाच.

नीनेसहाम्नवरून लोकल ट्रेन जाते, पेन्डेलतोग म्हणतात, स्टॉकहोम सिटी स्टेशनपर्यंत साधारण तासभर, शहर वाहतुकीचं तेच तिकीट चालतं. गाड्या मुंबईसारख्या दर तीन मिनिटांनी नसतात, तेव्हा परतीच्या गाडीची वेळ सकाळीच ॲपमध्ये बघा आणि त्याच्या आधीची गाडी पकडायचं ठरवा. काही वेळा जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर आणतात, त्या रांगेत सकाळी तासभर जाऊ शकतो, म्हणून बोटीचं टोकन लवकर घ्या. एवढं सगळं धरलं तर शहरात चार-पाच तासच मिळतात, तेव्हा सरळ वासा आणि गामला स्तान एवढंच करा, पहाऱ्याचा बँड, नोबेल, सिटी हॉल सगळं सोडा. आणि बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील, किंवा जहाज उशिरा पोचलं असेल, तर नीनेसहाम्नच्या बाबतीत मी स्वतः जहाजाचीच बस घ्या म्हणेन, कारण जहाजाच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, लोकल चुकली तर थांबत नाही.